यादीतले नाव खोडू नका : अँग्लिकन मंडळ्यांच्या धुरिणांना नाताळानिमित्त खुले पत्र

आदरणीय प्राइमेट, बिशप, सिनडचे सभासद आणि पॅरिश कमिट्यांचे पदाधिकारी यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आमच्या चर्चमधल्या वाचनपीठाच्या आतल्या बाजूला, फक्त वाचणाऱ्यालाच दिसेल अशा जागी, एक कागद चिकटवलेला आहे. इंग्लंडच्या चर्चमधून उगम पावलेल्या जगभरातल्या अँग्लिकन मंडळ्यांसाठी क्रमाने प्रार्थना करता यावी म्हणून जे प्रार्थनाचक्र तयार केले जाते, त्याचा तो आमच्यापुरता उतारा आहे : या रविवारी अमुक प्रांत, पुढच्या रविवारी तमुक डायोसिस (एका बिशपांच्या देखरेखीखालचा भाग), आणि सर्वांत खाली, आमच्या पॅरिशचे, म्हणजे स्थानिक मंडळीचे, ज्या दूरच्या पॅरिशशी मैत्रीचे जोडनाते आहे तिचे नाव. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या, प्रार्थना वाचण्याचे काम माझ्याकडे आल्यापासून मी तो कागद इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे कोणते कोपरे सुटले आहेत हेही मला पाठ झाले आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी तिथे उभा राहिलो, तेव्हा त्यातल्या एका नावावर निळ्या पेनाने रेघ मारलेली दिसली. रेघ पट्टी न लावता ओढलेली होती, मध्येच थोडी वाकली होती, आणि तिच्याखालचे नाव अजून स्वच्छ वाचता येत होते. ती कोणी मारली हे मी कोणाला विचारले नाही, कारण का मारली हे मला ठाऊक होते. मी ते नाव वाचले, आणि आपणांस हे पत्र लिहायचे तिथेच ठरवले.

गेल्या काही वर्षांत आपल्या अँग्लिकन परिवारात काय घडले ते आपणांस सांगण्याची गरज नाही. त्यातले बरेचसे आपल्याच हातून घडले आहे. २००८ मध्ये दोनशेहून अधिक बिशप लँबेथ परिषदेला, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेला, गेले नाहीत, आणि त्यांच्यापैकी अनेक जण त्याच वर्षी जेरुसलेम येथे वेगळे जमले. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या सिनडने (धर्मसभेने) समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना अनुकूल कौल दिला, तेव्हा ग्लोबल साउथच्या, म्हणजे आफ्रिका-आशियासारख्या भागांतल्या, काही प्राइमेटांनी (प्रांतांच्या प्रमुख बिशपांनी) कँटरबरीच्या आर्चबिशपांना परिवाराचे प्रमुख मानणे थांबवल्याचे जाहीर केले. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सारा मुलाली यांचे नाव कँटरबरीच्या पुढच्या आर्चबिशप म्हणून जाहीर झाले, चौदाशे वर्षांहून जुन्या त्या पदासाठी निवडलेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि पुरते दोन आठवडेही उलटले नाहीत तोच, १६ ऑक्टोबरला, जेरुसलेमच्या त्या मेळाव्यातून उभ्या राहिलेल्या गॅफकॉन या गटाच्या निवेदनाने कँटरबरीचे आर्चबिशप, लँबेथ परिषद, अँग्लिकन सल्लागार परिषद आणि प्राइमेटांची बैठक ही परिवाराला बांधणारी चारही साधने नाकारली. या प्रत्येक पावलामागे कोणाची तरी सद्सद्विवेकबुद्धी होती, असे मी मानतो. ती दोन्ही बाजूंना होती असेही मानतो, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंची बोलणी मला खावी लागतात. वाद कोणाच्या बाजूने सुटावा हे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो सोडवण्याइतके माझे ज्ञान नाही आणि तो अधिकार मला कोणी दिलेला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपले वाद आपल्या पातळीवर कितीही वर्षे चालोत, पण पॅरिशांनी एकमेकींसाठी प्रार्थना करणे, एकमेकींना पत्रे लिहिणे आणि अडीनडीला धावून जाणे, हे त्या वादातले हत्यार बनू देऊ नका. नाताळात ज्या शांतीची घोषणा आपण सर्वच व्यासपीठांवरून करणार आहात, तिची पहिली परीक्षा त्या चिकटवलेल्या कागदावर होते.

आपल्या परंपरेतल्या नाताळच्या सर्वांत परिचित उपासनेकडे पाहा. नऊ वाचने आणि नाताळगीते यांची ही उपासना १८८० मध्ये इंग्लंडमधल्या ट्रूरो येथे नाताळच्या आदल्या रात्री झाली. तिथले कॅथीड्रल अजून बांधून व्हायचे होते, म्हणून ती एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत झाली, आणि ती योजणारे बिशप बेन्सन पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने ही उपासना सुरू केली ती १९१८ च्या डिसेंबरात. त्या तारखेपाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते, कारण महायुद्धातला गोळीबार थांबून तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. कॉलेजचे नवे डीन एरिक मिल्नर-व्हाइट सैन्यात चॅप्लेन (धर्मसेवक) म्हणून राहून आले होते, आणि त्या रात्री बाकांवर ज्यांनी बसायला हवे होते अशी कितीतरी तरुण मुले परतलीच नव्हती. उपासनेच्या आरंभासाठी त्यांनी जी प्रार्थना लिहिली ती आजही ठिकठिकाणी वाचली जाते. तिच्यात सबंध पृथ्वीवर शांती आणि सद्भाव नांदावा अशी विनंती आहे, आणि वाक्य न तोडता, त्याच श्वासात, ख्रिस्त जी मंडळी उभारायला आला तिच्यातील ऐक्यासाठी आणि बंधुभावासाठी विनंती आहे. मग गरीब, गारठलेले, भुकेले, गांजलेले, एकाकी यांची आठवण येते, आणि अगदी शेवटी, पलीकडच्या किनाऱ्यावर अधिक मोठ्या प्रकाशात आपल्याबरोबर आनंद करणाऱ्यांची. युद्धभूमीवरून आलेल्या त्या माणसाला जगातली शांती आणि मंडळीतले ऐक्य यांसाठी दोन वेगळी वाक्ये लिहावीशी वाटली नाहीत. आपण मात्र त्यांची दोन खाती केली आहेत : एकासाठी एक आयोग, दुसऱ्यासाठी दुसरा, आणि दोघांच्या अहवालांना वेगवेगळ्या रंगांची मुखपृष्ठे.

१६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तर शांतीची मागणी सणावारापुरती ठेवलेलीच नाही. सकाळच्या उपासनेत ती आहे, संध्याकाळच्या उपासनेतही आहे. दोन्ही वेळा दिवसाच्या खास प्रार्थनेनंतर लगेच शांतीची प्रार्थना येते, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत जग जी शांती देऊ शकत नाही ती मागितलेली आहे. पण मला आपले लक्ष त्याच पुस्तकातल्या एका कमी वाचल्या जाणाऱ्या सूचनेकडे वेधायचे आहे. प्रभुभोजनाच्या विधीच्या आधी बारीक टायपात छापलेली ती सूचना पाळकांना सांगते की, ज्या दोघांमध्ये वैर नांदते आहे असे दिसेल त्यांना समेट होईपर्यंत प्रभूच्या मेजाशी येऊ देऊ नये. इथवर ती कठोर वाटते. पुढचा भाग मात्र फार समंजस आहे : दोघांपैकी एक जण मनापासून क्षमा करायला आणि स्वतःच्या चुकीची भरपाई करायला तयार असेल, आणि दुसरा हट्टाला पेटलेला असेल, तर जो तयार आहे त्याला अडवू नये. दोघांचे मत एक होण्याची वाट ती सूचना पाहत नाही. समोरचा काय करतो यावर माझी तयारी अवलंबून नाही, हे साडेतीनशेहून अधिक वर्षे आपल्या पुस्तकात छापलेले आहे, आणि आपली अलीकडची बहुतेक निवेदने याच्या नेमकी उलट चालतात : आधी त्यांनी पश्चात्ताप करावा, मग आम्ही बोलू.

शांतीचा सलाम आपल्या वेदीपर्यंत कसा आला हेही आठवून पाहण्यासारखे आहे. आज बहुतेक पॅरिशांत प्रभुभोजनाआधी लोक एकमेकांचे हात हाती घेतात. पण दोन-तीन पिढ्यांपूर्वी ही रीत अँग्लिकन मंडळ्यांमध्ये नव्हती. ती रुळवण्यात मोठा वाटा होता दक्षिण भारताच्या मंडळीच्या १९५० च्या उपासनाविधीचा, ज्यात केरळच्या प्राचीन सुरियानी परंपरेतून आलेला, पाळकांच्या हातांतून लोकांच्या हातांत आणि तिथून रांगेरांगेने मागे जाणारा शांतीचा सलाम होता. आता हे लक्षात घ्या की, १९४७ मध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा एकत्र येऊन बनलेल्या याच मंडळीला आरंभी अँग्लिकन परिवाराने पूर्ण सहभागितेत घेतले नव्हते. तिथल्या धर्मसेवकांच्या दीक्षेविषयी १९४८ च्या लँबेथ परिषदेत बिशपांचे एकमत होऊ शकले नाही. ज्या घराला आपण उंबरठ्यावर थांबवले, त्याच घरातून आपण दर रविवारी देतो-घेतो तो शांतीचा हात आला. आज आपण ज्यांची नावे खोडतो आहोत त्यांच्याकडून उद्या काय यायचे आहे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

आता जरा आमच्याच घरचे सांगतो, कारण दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी ते सांगणे बरे. मंडळ्या तत्त्वांवरून फुटतात हे अर्धेच खरे आहे, असा माझा अनुभव आहे. उरलेल्या अर्ध्या वेळा त्या किल्ल्या, वेळा आणि कपाटे यांवरून फुटतात. काही वर्षांपूर्वी आमची पॅरिश आणि शेजारची पॅरिश एकाच पाळकांच्या देखरेखीखाली आल्या. पाळक एकच असल्याने नाताळच्या मध्यरात्रीचे प्रभुभोजन दोनांपैकी एकाच चर्चमध्ये होणार होते, आणि ते कुठे व्हावे यावर झालेल्या तीन बैठकांची इतिवृत्ते मीच लिहिली आहेत. ती पुन्हा वाचण्याची मला लाज वाटते. शेवटी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असे ठरले. पहिली पाळी त्यांची होती. त्यांच्याकडच्या गव्हाणीच्या देखाव्यातल्या मूर्ती भंगल्या होत्या, म्हणून आमच्या मूर्तींची पेटी त्यांना दिली. पुढच्या वर्षी पेटी परत आली. योसेफ, मरीया, मेंढपाळ, मागी लोक, एक कान उडालेले गाढव, सगळे कागदात नीट गुंडाळलेले होते. बाळ येशू तेवढा नव्हता. बाळाची मूर्ती गव्हाणीत मध्यरात्रीच ठेवायची असते, त्यामुळे ती नाही हे आमच्या ध्यानात आले ते नाताळच्या आदल्या संध्याकाळी.

त्या पॅरिशच्या खजिनदारांशी दोन पॅरिशांच्या सामाईक हिशेबावरून माझा अबोला होता. मी फोन केला नाही. त्याऐवजी मनातल्या मनात एक पत्र लिहिले, मुद्देसूद, तीन परिच्छेदांचे, प्रत बिशपांना. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी ते गृहस्थ एक कापडी पिशवी छातीशी धरून मागच्या दाराने आत आले. मूर्तीचा हात मनगटापासून निखळला होता, म्हणून त्यांनी ती वेगळी ठेवून घरी चिकटवली होती. डिंकाचा पिवळट पट्टा मनगटाभोवती स्पष्ट दिसत होता. आठवडाभर आधी का कळवले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "आपले बोलणे नाही ना, मग फोन कसा करणार?" त्या रात्री शांतीच्या सलामाच्या वेळी मीच आधी त्यांच्याकडे गेलो, असे इथे लिहायला मला आवडले असते. मी गेलो नाही, ते आले.

प्रांतांची भांडणे एवढी सोपी नसतात, हे मला कळते. मात्र अबोल्याची रीत सगळीकडे सारखीच असते : बोलणे बंद झाले की समोरच्याच्या पिशवीत काय आहे हे कळण्याचा रस्ताच बंद होतो, आणि रिकामी राहिलेली जागा आपण आपल्या तीन परिच्छेदांनी भरतो. आपण एकमेकांना जी पत्रे जाहीरपणे पाठवता ती वाचताना मला माझे ते न पाठवलेले पत्र आठवते. (हेही जाहीर पत्रच आहे, हे मी विसरलेलो नाही.)

१९३० च्या लँबेथ परिषदेचे दोन ठराव मला इथे शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. एकाने अँग्लिकन परिवार म्हणजे काय याची व्याख्या केली, आणि त्यात सांगितले की या मंडळ्यांना बांधून ठेवते ती कोणतीही मध्यवर्ती कायदे करणारी वा अंमल करणारी सत्ता नव्हे, तर परस्पर निष्ठा, जी बिशपांच्या एकत्र विचारविनिमयातून टिकते. दुसऱ्याने जाहीर केले की राष्ट्राराष्ट्रांतील तंटे सोडवण्याचा मार्ग म्हणून युद्ध हे प्रभू येशू ख्रिस्ताच्या शिकवणीशी आणि उदाहरणाशी विसंगत आहे. एकाच परिषदेत, त्याच बिशपांनी, आपण कोण आहोत आणि आपण कशाला नाही म्हणतो, हे दोन्ही सांगितले. आज पहिल्या ठरावावर जोरात चर्चा चालू आहे. २०२४ च्या अखेरीस पुढे आलेल्या नैरोबी-कैरो प्रस्तावांनी तर ती व्याख्याच नव्याने लिहावी असे सुचवले आहे, आणि कँटरबरीशी असलेल्या नात्याचे वर्णन अधिक सैल शब्दांत करावे हे त्यांचे म्हणणे मला विचार करण्याजोगे वाटते. दुसरा ठराव मात्र कोणीच उघडून पाहत नाही. राष्ट्रांनी आपले तंटे युद्धाने सोडवू नयेत असे आपण ज्या तोंडाने सांगतो, त्याच तोंडाने आपण आपले तंटे संबंध तोडून सोडवतो, हे राष्ट्रांच्या लक्षात येत नसेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आणि युद्ध ही आपल्या परिवाराला दुरून ऐकू येणारी गोष्ट नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानमध्ये युद्ध पेटले, तेव्हा खार्टूमचे ऑल सेंट्स कॅथीड्रल गोळीबाराच्या मधोमध सापडले, आणि तिथले आर्चबिशप आपल्या लोकांसह आत अडकून पडले. पुढे त्यांना पोर्ट सुदानला जावे लागले. गाझामधील अल-अहली रुग्णालय जेरुसलेमच्या आपल्या डायोसिसचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या आवारात झालेल्या स्फोटात तिथे आसरा घेतलेली माणसे मोठ्या संख्येने मारली गेली, आणि १३ एप्रिल २०२५ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, त्याच रुग्णालयावर क्षेपणास्त्रे पडली. त्या २०२३ च्या नाताळात बेथलेहेममध्येच सणाचा उत्सव झाला नाही. जेरुसलेमच्या सर्व मंडळ्यांच्या प्रमुखांनी सजावट आणि समारंभ टाळण्याचे आवाहन केले होते. या दोन्ही ठिकाणच्या मंडळ्यांना औषधे, पैसे आणि प्रार्थना यांची गरज आहे, आणि पाठवणारी पॅरिश आपल्या वादात कोणत्या बाजूला बसते हे रुग्णालयाच्या दारात कोणी विचारत नाही.

इथे मला जोडनात्यांविषयी दोन शब्द लिहायला हवेत. १९६३ मध्ये टोरांटो येथे भरलेल्या अँग्लिकन काँग्रेससमोर परस्पर जबाबदारी आणि परस्परावलंबन यांविषयीचे निवेदन मांडले गेले. देणारी मंडळी आणि घेणारी मंडळी असा भेद राहू नये, प्रत्येकीकडे देण्यासारखे काही असते आणि प्रत्येकीला काही कमी असते, असा त्याचा आशय होता. जगभरच्या डायोसिसांत अशी नाती बांधली गेली, ती याच विचाराच्या वातावरणात. इंग्लंडमधली सॉल्झबरी डायोसिस आणि सुदान यांचे नाते गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकापासूनचे आहे. दोन्ही सुदान वेगळे झाल्यावर ते दोघांशी राहिले. कँटरबरीला प्रमुख मानणे थांबवणाऱ्या २०२३ च्या त्या जाहीरनाम्यामागे जे प्राइमेट होते त्यांचे अध्यक्ष दक्षिण सुदानचे आर्चबिशप होते. म्हणजे एका पातळीवर कठोर शब्द आणि दुसऱ्या पातळीवर अर्ध्या शतकाची ये-जा, या दोन गोष्टी एकाच परिवारात एकाच वेळी राहू शकतात. त्या दुसऱ्या गोष्टीला पहिलीच्या ताब्यात देऊ नका, एवढेच मी मागतो आहे.

एका आक्षेपाला मात्र उत्तर द्यायलाच हवे, कारण तो खरा आहे. शांती, शांती असे म्हणत मंडळीने अनेकदा अन्याय झाकला आहे. यिर्मया संदेष्ट्याने शांती नसताना शांती म्हणणाऱ्यांना जे सुनावले, ते आपल्याच पायरीवर उभे राहून सुनावल्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी राजीनामा जाहीर केला, तो मुलांवर आणि तरुणांवर दशकानुदशके झालेल्या क्रूर अत्याचाराच्या प्रकरणाची चौकशी प्रसिद्ध झाल्यानंतर. ज्यांनी सोसले त्यांच्या तक्रारी मंडळीतल्या जबाबदार माणसांच्या कानांवर पूर्वीच गेल्या होत्या. तिथे ज्याला शांतता म्हटले गेले ती गप्प बसवण्याची शांतता होती. मी जी शांती मागतो आहे ती तसली असेल, तर हे पत्र फाडून टाका. प्रश्न विचारणे थांबवा, मतभेद पुसून टाका, असे मी म्हणत नाही. ज्यांना वाटते की कँटरबरीने शास्त्राशी प्रतारणा केली, त्यांनी तसे स्पष्ट म्हणावे. ज्यांना वाटते की आपल्याच काही भावाबहिणींना दाराबाहेर ठेवले जाते आहे, त्यांनीही तसेच म्हणावे. पण अन्याय झाकणे आणि प्रार्थना चालू ठेवणे यांत फरक आहे. खोडलेल्या नावामुळे कोणत्याही पीडिताला न्याय मिळाल्याचे मी ऐकलेले नाही.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची गोष्ट आपणांस तोंडपाठ असेल, तरी तिच्यातला एक शब्द, किंवा खरे तर एका शब्दाचा अभाव, मला पुन्हा दाखवायचा आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्बहल्ल्यात तिथले कॅथीड्रल जळून गेले. जळालेल्या छतातून पडलेले मध्ययुगीन खिळे वेचून त्यांतल्या तिहींचा क्रूस बांधला गेला. सहा आठवड्यांनी, नाताळच्या दिवशी, कॅथीड्रलचे प्रमुख, प्रोव्होस्ट रिचर्ड हॉवर्ड यांनी त्या भग्नावशेषांतून बीबीसीवर भाषण केले, आणि कितीही अवघड असले तरी सूडाचा विचार मनातून हद्दपार करण्याचा आम्ही प्रयत्न करतो आहोत, असे सांगितले. देश युद्धात होता, लोक ढिगाऱ्यांखालून आपली माणसे काढून पुरते सावरलेही नव्हते, आणि असे बोलणे सर्वांना रुचले असेल असे मला वाटत नाही. पुढे वेदीच्या मागच्या भिंतीवर त्यांनी दोन इंग्रजी शब्द कोरून घेतले : पित्या, क्षमा कर. क्रूसावरच्या येशूच्या वाक्यात 'त्यांना' आहे. भिंतीवर तो शब्द नाही. बॉम्ब टाकणाऱ्यांची आणि ज्यांच्यावर पडले त्यांची नावे वेगळी काढणे हॉवर्ड यांनी नाकारले. युद्धानंतर खिळ्यांचे क्रूस कील, ड्रेस्डेन, बर्लिन येथे गेले, आणि १९५८ मध्ये लिहिलेली समेटाची प्रार्थना आजही दर शुक्रवारी दुपारी त्या अवशेषांत म्हटली जाते. आपल्याकडून निघालेले एखादे निवेदन घेऊन त्यातला 'त्यांना' हा शब्द काढून पाहा, म्हणजे मागे काय उरते ते दिसेल.

सर्वांत शेवटी सॉलोमन बेटांवरचे मेलानेशियन बंधुसंघाचे सात जण. १९२५ मध्ये इनी कोपुरिया यांनी स्थापन केलेला हा अँग्लिकन संघ अविवाहित तरुणांचा, साध्या राहणीचा, हातात काठी घेऊन गावोगाव फिरणारा. २००० मध्ये त्या बेटांवर दोन सशस्त्र गटांत यादवी चालू होती, तेव्हा हे बंधू दोन्ही बाजूंच्या मध्ये तळ ठोकून राहिले, आणि दोन्ही बाजूंना जाऊन बोलत राहिले. पुढे २००३ मध्ये बंधू नाथॅनिएल सादो ग्वादलकनालच्या दक्षिण किनाऱ्यावर एका बंडखोर नेत्याला भेटायला गेले ते परतले नाहीत. त्यांचा शोध घ्यायला आणखी सहा जण गेले. तेही परतले नाहीत. सातही जणांना ठार मारल्याचे ऑगस्टमध्ये कळले. या सहा जणांपाशी मी नेहमी थांबतो. एका बंधूचे नाव त्यांच्या यादीतून नाहीसे झाले होते, आणि ते त्याला शोधायला निघाले.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा आहेत. प्राइमेटांनी २५ डिसेंबरपासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंतच्या बारा दिवसांत, कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणारे एकही निवेदन काढू नये. त्यांच्या सहायकांनाही तेवढी सुट्टी मिळेल. बिशपांनी आपल्या पॅरिशांना जोडनाती तोडण्याचा लेखी किंवा तोंडी सल्ला देऊ नये, आणि दिला असेल तर तो मागे घ्यावा. देणगी घ्यावी की नाही हा आपल्या विवेकाचा प्रश्न असू शकतो, पण पत्र घेण्याला आणि प्रार्थना घेण्याला कोणत्याही सिनडची मंजुरी लागत नाही. पॅरिश कमिट्यांना माझे सांगणे आणखी साधे आहे : ज्या पॅरिशशी आपले पटत नाही तिला या नाताळात एक पत्र हाताने लिहा, त्यात वादाचा विषय काढू नका, तुमच्याकडे कोण आजारी आहे आणि या वर्षी कोणाचा बाप्तिस्मा झाला ते लिहा, आणि तिकडचे कोण आजारी आहे ते विचारा. उत्तर आले नाही तर पुढच्या नाताळात पुन्हा लिहा.

आमच्या वाचनपीठावरचा कागद मी बदललेला नाही. नवा छापून चिकटवणे सोपे होते, आणि कमिटीतल्या एकांनी तसे सुचवलेही; पण ज्याने रेघ मारली त्याच्याही मनात काही दुखत असेल, आणि ते दुखणे गुपचूप पुसून टाकण्याचा मला अधिकार नाही. रेघ राहू दिली आहे, नावही राहिले आहे. नाताळच्या सकाळी प्रार्थना वाचण्याची पाळी माझी नाही. ज्या बाईंची आहे त्यांना मी कागद दाखवून सांगितले आहे की रेघेखालचे नावही वाचायचे आहे. आणि त्यांनी चष्मा वर करून ते एकदा मोठ्याने वाचून पाहिले, उच्चार बरोबर आहे ना याची खात्री करून घेण्यासाठी.

आपला,
ख्रिस्तात सेवक,
एका पॅरिशचा सचिव